तारापूरचे पाणी, टायटॅनियमचा थर आणि उन्हाचा हिशेब

देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ एक निर्देशांक काढते. हवा, जमिनीवरचे पाणी आणि भूजल तपासून प्रत्येक पट्ट्याला शंभरपैकी गुण दिले जातात. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट, आणि सत्तरच्या पुढे गेलेला पट्टा ‘अतिप्रदूषित’ ठरतो. २००९ च्या यादीत तारापूरला ७२.०१ गुण होते. तेव्हा महाराष्ट्रातच चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद आणि नवी मुंबई त्याच्या पुढे होती. २०१८ च्या यादीत तारापूरचे गुण ९३.६९ झाले आणि तारापूर देशात पहिले आले.

मधल्या नऊ वर्षांत इथे सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते, नियंत्रण मंडळाचे कार्यालय होते, कायदे होते, तपासण्या होत्या. तरीही गुण वाढले. याच काळात जगभरच्या प्रयोगशाळांतून एक आशादायक गोष्ट ऐकू येत होती. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ, नॅनो आकाराच्या कणांचा थर चढवायचा, त्यावरून दूषित पाणी वाहू द्यायचे आणि वरून ऊन पडू द्यायचे. पाण्यातले रंग, औषधांचे अवशेष, कीटकनाशके या थरावर मोडतात, त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. वीज जवळजवळ लागत नाही, रसायन संपत नाही, गाळ उरत नाही.

बोईसर-तारापूरला ऊन भरपूर आहे आणि मोडायला हवीत अशी रसायनेही भरपूर आहेत. मग हा थर इथे काय करू शकतो? या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनिशी मांडायचे आहे, कारण आशा आणि आश्वासन या दोन्ही गोष्टी या किनाऱ्याने आजवर पुष्कळ पाहिल्या आहेत.

पाण्याचा प्रवास

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि या भागाचे नाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. त्यानंतर बोईसरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली. आज सुमारे एक हजार हेक्टरच्या या वसाहतीत हजाराहून अधिक कारखाने आहेत. कापड, पोलाद, अभियांत्रिकी असे उद्योग त्यांत आहेत, पण पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते रंग, रंगांचे मध्यघटक, औषधांची मूळ द्रव्ये आणि इतर रसायने बनवणारे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला आदिवासी डोंगरपट्टा, चिकूच्या वाड्या, मासेमारीची बंदरे आणि ही वसाहत असे सगळे एकदम आले.

वसाहतीची तहान भागते सूर्या नदीच्या पाण्यावर. सूर्या प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी आखलेला होता. पुढे त्याचे पाणी कारखान्यांकडे आणि मुंबईच्या उत्तरेकडच्या शहरांकडेही वळले. डोंगरातून आलेले हे स्वच्छ पाणी कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, धुलाईत, शीतकरणात वापरले जाते आणि बाहेर पडते तेव्हा त्यात आम्ल, क्षार, विद्रावके, रंग आणि अर्धवट घडलेली रसायने असतात. नियमाप्रमाणे प्रत्येक कारखान्याने आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करायची, मग ते पाणी वाहिनीतून सामुदायिक केंद्रात जायचे, तिथे शुद्ध व्हायचे आणि पुढे नवापूरच्या समुद्रात सोडले जायचे.

हे केंद्र बराच काळ दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेचे होते. येणारे पाणी त्याहून जास्त आणि ठरलेल्यापेक्षा घाण, ही तक्रार जुनी आहे. पाच कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभारले गेले ते त्या ताणातूनच. पण क्षमता वाढवून एक अडचण सुटत नाही. अशा केंद्राचा कणा म्हणजे जिवाणू. हवा भरलेल्या मोठ्या टाक्यांत जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि पाणी स्वच्छ होते. एखाद्या कारखान्याने रात्री तीव्र आम्ल किंवा विषारी द्रावण सांडपाणी वाहिनीच्या चेंबरमध्ये सोडले की ते जिवाणू मरतात आणि त्यांची वसाहत पुन्हा बसायला दिवसच्या दिवस जातात. तेवढ्या काळात नियम पाळणाऱ्या इतर शेकडो कारखान्यांचे पाणीही जवळजवळ तसेच पुढे जाते. एकाचा गुन्हा सर्वांच्या पाण्यात मिसळतो आणि मग कोणाचा म्हणून सांगता येत नाही.

त्यातून आजूबाजूची गावे होरपळली. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, पाम, टेंभी इथल्या नाल्यांतून रंगीत पाणी वाहिल्याच्या आणि विहिरी-बोअरवेल बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. समुद्राकडे जाणारी वाहिनी फुटून सांडपाणी रस्त्यावर आणि शेतात आल्याच्या घटना वारंवार घडल्या. नवापूर-दांडीच्या आणि मुरबे-खारेकुरणच्या खाड्यांत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या वाचकाला नवीन नाहीत.

खाडी मरते तेव्हा आधी कोणाचे ताट रिकामे होते हे समजून घेतले पाहिजे. मोठी बोट घेऊन खोल समुद्रात जाणाऱ्याला अजून पुढे जाता येते. खाडीत पाग टाकणारा, चिखलात निवटे आणि खेकडे धरणारा, ओहोटीला खडकावर कालवे फोडणाऱ्या बायका यांना पुढे जायला जागा नाही. त्यांचे शेत म्हणजे ती खाडीच. मांगेला, वैती, कोळी या समाजांची या किनाऱ्यावरची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जवळचे सातपाटी पापलेटसाठी नावाजलेले आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. राज्यमाशाच्या बंदराशेजारी देशातला सर्वात प्रदूषित ठरलेला औद्योगिक पट्टा असावा, ही आपल्या राज्याची लाज आहे.

या समाजाने केवळ तक्रार केली नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कडक आदेश दिले आणि नुकसान मोजण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. २०२२ च्या जानेवारीत शंभरहून अधिक कारखाने आणि सामुदायिक केंद्र यांच्यावर मिळून शंभर कोटींच्या वरची भरपाई लावली गेली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाची वाट लांब असते, आणि दरम्यान भरती-ओहोटी रोज दोनदा येतच असते.

थरावर काय घडते

टायटॅनियम डायऑक्साइड ही काही दुर्मीळ वस्तू नाही. भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, उन्हापासून वाचवणारे क्रीम यांचा पांढरेपणा त्याचाच. इल्मेनाइट नावाच्या काळ्या रेतीतून टायटॅनियम मिळते. केरळच्या किनाऱ्यावरच्या साठ्यांवर तिथे उद्योग उभे आहेत, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंड-काळबादेवीच्या पट्ट्यातही ही रेती सापडते.

या पांढऱ्या पदार्थाचा दुसरा गुण जपानमध्ये उजेडात आला. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा तरुण संशोधक आपले मार्गदर्शक केनिची होंडा यांच्याबरोबर काम करत होता. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला की पाण्याचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, असे त्यांना दिसले. १९७२ मध्ये ‘नेचर’ने तो शोध छापला. तेलटंचाईच्या त्या काळात जगाचे लक्ष गेले ते हायड्रोजन इंधनाकडे. पण काही वर्षांतच, १९७७ मध्ये, फ्रँक आणि बार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हाच पदार्थ वापरून पाण्यातले सायनाइड प्रकाशाने मोडून दाखवले आणि जलशुद्धीची वाट उघडली.

आत काय घडते ते सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. त्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण पडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर जातो आणि मागे धनभारित पोकळी राहते. ही पोकळी इलेक्ट्रॉनसाठी कमालीची हपापलेली असते. पृष्ठभागावर आलेल्या पाण्याच्या रेणूकडून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. क्लोरीन आणि ओझोनपेक्षाही तीव्र असा हा मूलक समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. रंगाच्या रेणूचे बंध एकेक करून तुटतात, कडी तुटते, लहान आम्ले बनतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड उरतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. टायटॅनियम डायऑक्साइड केवळ उत्प्रेरक असतो, तो स्वतः खर्च होत नाही.

पण या कामाला हवा असतो अतिनील प्रकाश. टायटॅनियम डायऑक्साइडचे अ‍ॅनाटेस हे रूप या कामात सरस मानले जाते, आणि ते सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश शोषते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात असा भाग चार-पाच टक्केच असतो. दुसरे, सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागची पोकळी बहुतेक वेळा पुन्हा एकमेकांना भेटतात आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. शंभर प्रकाशकण शोषले तर त्यातल्या फार थोड्यांचे काम पाण्यापर्यंत पोचते. नॅनो रचनेचा आटापिटा यासाठीच असतो. कण लहान असले की भारांना पृष्ठभाग जवळ पडतो आणि पाण्याला भिडायला जागा कितीतरी वाढते.

माटुंगा आणि कोल्हापूर

या विषयात महाराष्ट्राने परक्यांचे काम वाचत बसण्यापलीकडे बरेच केले आहे, आणि ते आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. विश्वास पांगारकर यांच्या गटाने हा विषय रासायनिक अभियंत्याच्या नजरेने हाताळला. दिनेश भातखंडे आणि पांगारकर यांनी डच सहकाऱ्यासह २००२ मध्ये लिहिलेला या तंत्राचा आढावा जगभर उद्धृत झाला. त्याच गटाने २००३ मध्ये बेंझीन सल्फोनिक आम्लावरचे काम प्रसिद्ध केले. हे रसायन रंगउद्योगाच्या सांडपाण्याशी थेट नाते सांगणारे आहे. परावर्तकांनी एकवटलेला सूर्यप्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइड वापरून त्यांनी ते मोडून दाखवले, आणि तेही केवळ भांड्यात नव्हे तर सतत वाहत्या पाण्यात. त्याच संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फोडून रसायने मोडण्याच्या तंत्रावर आणि ते प्रकाशउत्प्रेरणाशी जोडण्यावर दीर्घकाळ काम केले.

या कामांत उत्प्रेरक बहुधा भुकटीच्या रूपात पाण्यात मिसळलेला असतो. भुकटीचा फायदा असा की प्रत्येक कणाला पाणी चोहोबाजूंनी भिडते. तोटा असा की काम झाल्यावर ती परत काढायची असते. पाण्यात कालवलेले पीठ पुन्हा कोरडे वेगळे काढण्यासारखेच ते काम. नॅनो कण इतके बारीक की साध्या गाळणीतून निसटतात, आणि पाण्याबरोबर नदी-खाडीत गेले तर तेच नवे प्रदूषण. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइड वापरायला मनाई केली ती सूक्ष्म कणांविषयीच्या शंकेतूनच. म्हणून थर हवा. काचेला, पत्र्याला पक्का चिकटलेला, पाणी येऊन जाईल आणि उत्प्रेरक जागेवर राहील असा.

थराचे काम कोल्हापुरात झाले. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सी. एच. भोसले आणि प्रा. के. वाय. राजपुरे यांच्या गटाने फवारणीतून थर बसवण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली. सुमारे साडेचारशे अंश सेल्सिअसला तापलेल्या काचेवर टायटॅनियमच्या संयुगाचे द्रावण बारीक फवाऱ्याने सोडायचे. थेंब काचेला भिडताच संयुग विघटित होते आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा चिवट थर बसतो. निर्वात पोकळीची महागडी यंत्रे लागत नाहीत, म्हणून मोठ्या काचेवरही थर देता येतो. मर्यादित पैशाच्या विद्यापीठाने निवडलेली ही शहाणी वाट होती.

कोल्हापूरच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. विद्युत वाहून नेणाऱ्या काचेवर थर दिला आणि त्याला थोडा विद्युतदाब जोडला. सुटलेला इलेक्ट्रॉन तारेतून दुसरीकडे ओढला जातो, त्यामुळे पोकळीशी त्याची पुनर्भेट टळते आणि पाण्यासाठी अधिक पोकळ्या शिल्लक राहतात. फवारणीच्या टायटॅनियम डायऑक्साइड थरांवरचा त्यांचा असा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे झिंक ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड आणि त्यांच्या जोडथरांवर काम झाले. ऑक्झॅलिक आम्ल, थॅलिक आम्ल यांच्याबरोबरच या गटाने साखर कारखान्याचे सांडपाणीही थरांवर तपासले. कोल्हापूरच्या विद्यापीठाने आपल्या जिल्ह्याची घाण प्रयोगशाळेत आणली. ज्ञानाने आपल्या परिसराशी असे नाते ठेवले पाहिजे.

हिशेब

आता तारापूरचा हिशेब मांडू. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा तपासता येतो.

सेंद्रिय घाण मोजण्याचे रूढ माप म्हणजे सीओडी. एक लिटर पाण्यातली घाण पूर्ण जाळायला किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, ते हे माप सांगते. समुद्रात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. समजा सामुदायिक केंद्राने नियम तंतोतंत पाळला आणि दिवसाला पाच कोटी लिटर पाणी २५० वर आणून सोडले. त्यात उरलेली घाण जाळायला रोज साडेबारा टन ऑक्सिजन लागेल. आपल्याला ही उरलेली घाण टायटॅनियमच्या थरावर उन्हाने मोडायची आहे.

पालघरच्या स्वच्छ दिवसाचे ऊन एका चौरस मीटरवर सुमारे पाच युनिट धरू. त्यातला साडेचार टक्के अतिनील भाग म्हणजे पाव युनिटहून थोडा कमी. प्रत्येक अतिनील प्रकाशकणाने एक इलेक्ट्रॉन हलवला, एकही वाया गेला नाही असे मानले, तर साडेबारा टनांच्या कामाला सुमारे ६५ हेक्टर थर लागतो. हा झाला आदर्श. प्रत्यक्षात शंभरातल्या एका प्रकाशकणाचे काम साधले तरी समाधान मानावे अशी स्थिती असते. मग लागतात ६५ चौरस किलोमीटर. संपूर्ण औद्योगिक वसाहत सुमारे दहा चौरस किलोमीटरची आहे. म्हणजे वसाहतीच्या सहापटीहून जास्त जागेवर काच अंथरायची, आणि तीही जून ते सप्टेंबर ढगांखाली बरीचशी निकामी राहणार. नाल्यांत रंगीत पाणी सोडले जाते ते पावसाच्या आडोशाने, ही गावांची जुनी तक्रार इथे आठवावी.

ऊन नसेल तेव्हा अतिनील दिवे लावता येतात, पण मग विजेचे बिल येते. शिवाय प्रयोगशाळेतले पाणी आणि तारापूरचे पाणी यांत अंतर आहे. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात एकच रंग मोजून टाकलेला असतो. इथल्या सांडपाण्यात क्षार भरपूर. क्लोराइड आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गाठून संपवतात, घाणीपर्यंत पोचू देत नाहीत. विद्युतदाब जोडावा तर क्षारांमुळे पाणी वीज चांगले वाहते हे खरे, पण त्याच क्लोराइडपासून क्लोरीन तयार होऊन क्लोरीनयुक्त नवी विषे बनण्याचा धोका राहतो. पाणी गडद असले तर प्रकाश थरापर्यंत पोचतच नाही.

एक फसवी गोष्टही लक्षात ठेवावी. या तंत्राच्या प्रात्यक्षिकांत निळे पाणी तासाभरात रंगहीन झालेले दाखवतात. रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. रेणूचा रंग देणारा बंध आधी तुटतो, बाकीचे तुकडे पाण्यातच राहतात. अ‍ॅझो रंगांपासून बनणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइने मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. म्हणून असा दावा करणाऱ्याकडे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, तो आकडा मागितलाच पाहिजे.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष कटू आहे, पण उपयोगाचा आहे. घाण एकदा पाच कोटी लिटर पाण्यात पसरली की ती उन्हाने वेचून काढायला जमीन पुरत नाही. समुद्रात पसरली तर प्रश्नच संपला. ती जिथे जन्मते तिथेच, थोड्या पाण्यात असताना गाठली पाहिजे.

थराची खरी जागा

मग हे संशोधन तारापूरच्या कामाचे नाही का? आहे, आणि दोन ठिकाणी मोलाचे आहे.

पहिली जागा कारखान्याच्या आत, सर्व प्रक्रियांच्या शेवटी. औषधनिर्मितीच्या कारखान्यात तीव्र सांडपाणी वेगळे काढून बाष्पीभवन यंत्रात आटवतात, सौम्य पाणी जिवाणूंकडून आणि मग आरओ पडद्यातून शुद्ध करतात. यातून बाहेर येणारे पाणी स्वच्छ, पारदर्शक आणि कमी क्षारांचे असते, पण त्यात कधी एखाद्या प्रतिजैविकाचा अंश राहतो. जिवाणूंना तो पचत नाही, आणि निसर्गात गेला तर औषधांना दाद न देणारे जंतू पोसतो. लिटरला एखाद-दुसरा मिलिग्रॅम इतकाच तो असेल, तर वरच्याच हिशेबाने रोजच्या एक हजार लिटर पाण्याला काही चौरस मीटर थर पुरतो. इतके काचेचे तक्ते कारखान्याच्या छपरावर सहज मावतात. काम मोजके, पाणी निवळ, शत्रू नेमका. थराचा गुण इथेच दिसतो.

दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. ती आहे साक्षीदाराची.

सीओडी मोजण्याची रूढ पद्धत अशी की नमुना डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळायचा. त्यात चांदीचे आणि पाऱ्याचे क्षारही लागतात. म्हणजे प्रदूषण मोजायलाही विषारी रसायने, आणि उत्तर मिळेपर्यंत चेंबरमधले पाणी वाहून गेलेले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात हुइजुन झाओ यांच्या गटाने हाच टायटॅनियमचा नॅनो थर उलट्या कामाला लावला. मोठे पाणी शुद्ध करण्याऐवजी एका लहानशा कुपीतले थेंबभर पाणी थरावर पूर्ण जाळायचे आणि त्या वेळी तारेतून किती इलेक्ट्रॉन वाहिले ते मोजायचे. वाहिलेला विद्युतभार म्हणजेच घाणीचे माप. काही मिनिटांत उत्तर, पारा नको, क्रोमियम नको. या तत्त्वावरची यंत्रे बाजारातही आली. क्षार जास्त असले तर नमुना पातळ करावा लागतो, एवढे पथ्य.

ज्या दुर्बलतेमुळे थर पाच कोटी लिटरपुढे हरतो, तीच इथे आड येत नाही. थेंबभर पाण्याला नाण्याएवढा थर पुरतो. आणि तारापूरची मूळ व्यथा काय आहे? कोणी, केव्हा, किती सोडले हे वेळेवर कळत नाही, ही. केंद्रीय मंडळाने २०१४ पासून प्रदूषणकारी उद्योगांना आणि सामुदायिक केंद्रांना अखंड चालणारी मापन यंत्रे बसवायला सांगितले आहे. पण त्यातली अनेक यंत्रे सीओडी प्रत्यक्ष मोजत नाहीत, पाण्याने किती अतिनील प्रकाश शोषला त्यावरून अंदाज बांधतात. प्रत्येक कारखान्याच्या बहिर्वाहावर दर अर्ध्या तासाला थेंब जाळून मोजणारे यंत्र असेल, तर रात्री दोन वाजता सोडलेले सेंद्रिय द्रावण अडीचच्या सुमारास नोंदवले जाईल. जिवाणू मरण्याआधी झडप बंद करता येईल. शंभर कारखान्यांत दोषी कोण हा वाद दहा वर्षे न्यायालयात चालवावा लागणार नाही.

हे काम आपल्या माणसांच्या आवाक्यात आहे. थर देणारे कोल्हापुरात आहेत, सांडपाण्याचे अभियांत्रिकी जाणणारे माटुंग्याला आहेत, आणि तारापूरलाच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा आहेत. हे ज्ञान शोधनिबंधातून उठून चेंबरच्या झाकणापर्यंत यायला हवे. त्यासाठी एखाद्या संस्थेला बोईसरचे खरे, खारट, गढूळ पाणी वर्षभर पुरवून, चारही महिन्यांच्या पावसासह, यंत्र तपासायला सांगावे लागेल. त्याला लागणारा पैसा भरपाईच्या रकमेपुढे किरकोळ आहे.

मागणी

एखादा पुढारी किंवा कंपनी उद्या नवापूरला येऊन सांगेल की नॅनो तंत्रज्ञानाने समुद्र स्वच्छ करू. तेव्हा गावाने तीन प्रश्न विचारावेत. रोज किती लिटर पाणी? थर किती चौरस मीटर? सेंद्रिय कार्बन किती उरला? या तीन आकड्यांशिवाय बोलणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

आणि सरकारकडे मागणी एकच करावी, पण ती सोडू नये. प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याची मोजणी त्याच्या फाटकावर व्हावी, आणि ते आकडे त्याच दिवशी, मराठीत, नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी आणि वसाहतीभोवतीच्या सर्व ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावेत. ज्याच्या खाडीत पाणी येते त्याला ते पाणी कसे आहे हे जाणण्याचा पहिला हक्क आहे.

वाहिनी समुद्रात आणखी आत नेण्याच्या योजना आहेत. त्याने नवापूरच्या किनाऱ्याचा वास कदाचित कमी होईल, पण घाण तेवढीच राहील, फक्त नजरेआड होईल आणि पापलेटच्या वाटेत जाईल. वाहिनी लांबवणे हा उपाय नव्हे. घाण कारखान्याच्या भिंतीच्या आत रोखणे हाच उपाय आहे. टायटॅनियमचा थर त्या कामात शेवटचा हात देऊ शकतो आणि पहिली साक्ष देऊ शकतो. त्यापलीकडचे काम कायद्याचे, कारखानदारांचे आणि आपल्या सर्वांच्या जागेपणाचे आहे.